एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल: काही महिन्यांच्या वापरानंतर

हृदयासाठी म्हणून हे तेल घ्यायचं असेल तर त्याची जागा कढईत नाही, ताटात आहे. कोल्हापुरात ती जागा आयतीच आहे: चटणीवर कच्चं शेंगतेल ओतून भाकरीबरोबर खायची सवय आपल्याला आहेच. त्या शेंगतेलाऐवजी हे घ्यायचं. तेही आणि हेही असं केलं, तर रोजच्या दीड मोठ्या चमच्यामागे पावणेदोनशे कॅलरी नुसत्या वाढतात.

दीड चमचा, म्हणजे साधारण २० ग्रॅम. एवढ्या तेलात हायड्रॉक्सिटायरोसॉल (ऑलिव्हमधलं एक पॉलिफेनॉल, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणारं वनस्पतीतलं संयुग) आणि त्याच्या गोतावळ्यातली संयुगं मिळून किमान ५ मिलिग्रॅम असतील, तरच युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमानुसार ‘रक्तातल्या मेदाचं ऑक्सिडेशनपासून रक्षण’ असं बाटलीवर लिहिता येतं. २००६ च्या युरोलिव्ह चाचणीत २०० निरोगी पुरुषांना रोज २५ मिली तेल दिलं होतं. तेलात पॉलिफेनॉल जास्त, तसं एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) थोडं वाढलं आणि ऑक्सिडाइज्ड एलडीएल (ऑक्सिडेशन झालेलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) घटलं. हे दुसरं आपल्या नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये मोजतच नाहीत. त्यामुळे रिपोर्टमध्ये मोठा फरक शोधू नका, आणि कोलेस्टेरॉलची गोळी तर मुळीच बंद करू नका.

खरी अडचण खरेदीत आहे. मोठ्या डब्यात स्वस्त मिळतं ते बहुतेक पोमेस: फळाच्या चोथ्यातून द्रावकाने काढून रिफाइन केलेलं. ‘एक्स्ट्रा लाइट’ही रिफाइनच. दोन्हींत पॉलिफेनॉल नावालाच उरतात. बाटली गडद काचेची, २५० किंवा ५०० मिलीची घ्या; त्यावर फळं तोडल्याची तारीख असेल तर उत्तम.

घरी आणल्यावर जेवणाआधी, तोंड तिखट नसताना, अर्धा चमचा नुसतं घोटा. मिरची जिभेवर झोंबते, हे तेल काही क्षणांनी थेट घशात झोंबतं आणि ठसका लागतो. हे ओलिओकँथल या पॉलिफेनॉलचं काम. कडवटपणा ओल्युरोपीन या दुसऱ्या पॉलिफेनॉलच्या कुळाचा. गुळगुळीत, लोण्यासारखं लागलं तर पॉलिफेनॉल बेताचेच समजा. मेणाच्या रंगखडूसारखा वास आला तर तेल खवट झालंय. बाटली गॅसशेजारी ठेवली की हे हमखास होतं. उघडल्यावर दीड-दोन महिन्यांत संपवा. फ्रीजमध्ये गोठलं म्हणजे शुद्ध, ही चाचणी मात्र निरुपयोगी.

मिसळीचा कट किंवा तांबडा रस्सा यात करू नका. तेल सुटेपर्यंत परतण्यात पॉलिफेनॉल बरेच जातात, आणि मसाल्यापुढे त्याची चवही लागत नाही. पैसे पाण्यात. कोशिंबीर, मोडाची मटकी, ताटात वाढलेला झुणका, यांवर वरून घाला.

ऑलिव्हच्या पानांच्या अर्काच्या कॅप्सूल हा वेगळा प्रकार. लेबलवर ओल्युरोपीन किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. इंडोनेशियातल्या एका चाचणीत ५०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, ८ आठवडे दिल्यावर रक्तदाब कॅप्टोप्रिल या बीपीच्या गोळीच्या बरोबरीने उतरला होता. म्हणूनच बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन्ही मिळून दाब फार खाली गेला की उठताना चक्कर येते. मधुमेहाच्या औषधांबरोबर साखर उतरण्याचीही शक्यता असते.