मराठीत बोलला, म्हणून पैसे दिले

नेरूळला आमच्या मजल्यावर मराठी, मल्याळी, गुजराती आणि पंजाबी अशी चार बिऱ्हाडे आहेत. आमचे आपसातले बोलणे मोडक्यातोडक्या हिंदीत चालते, त्यामुळे फोनवर कोणी स्वच्छ मराठीत बोलले की मन निम्मे निर्धास्त होते. माझी फसवणूक याच सवयीने केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाचीच्या लग्नासाठी मी मोबाइलवर पैठणी शोधत असताना "थेट येवल्याच्या विणकरांकडून" अशी जाहिरात दिसली आणि चौकशी करताच एका गृहस्थांचा फोन आला. "ताई, बोहनीची वेळ आहे, आपल्या माणसाला नाही कसं म्हणू?" असे म्हणत त्यांनी साडी 6,800 रुपयांना देऊ केली, पार्सल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय मात्र नव्हती. जाहिरातीत दुकानाचा पत्ता नव्हता आणि तक्रार अधिकाऱ्याचे नावही नव्हते. ग्राहक संरक्षणाच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्रेत्या आस्थापनांनी हे दोन्ही देणे बंधनकारक आहे, हे मला पैसे गेल्यावर कळले.

आठ दिवसांनी पार्सल आले. अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, हे मला आईमुळे ठाऊक होते. या पदरावरचा मोर उलट्या बाजूला पुसट डागासारखा उमटला होता, कारण तो विणलेला नसून छापलेला होता.

खरा घाव पुढेच बसला. फोन केल्यावर त्या गृहस्थांनी इतकी क्षमा मागितली की मलाच ओशाळल्यासारखे झाले. परताव्यासाठी त्यांनी क्यूआर कोड पाठवला, तो स्कॅन करून मी पिन टाकला आणि आणखी 6,800 रुपये गेले. "चुकून कापले गेले, दोन्ही मिळून परत करतो," या आश्वासनावर दुसरा कोड स्कॅन केला, तेव्हा 13,600 गेले. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो देण्यासाठी लागतो, हे मी इतरांना अनेकदा सांगितले होते.

लाजेपोटी मी दीड दिवस घरात काहीच बोलले नाही, आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली तेव्हा रक्कम पुढच्या खात्यांत वळवली गेली होती. पहिल्या काही तासांत कळवले असते, तर बँकेला ती रोखून धरण्याची संधी मिळाली असती. आज माझ्याकडे फक्त तक्रार क्रमांक आहे.

मल्याळी शेजारणीला हे सांगितले, तर तिच्याकडेही तोच फोन नंबर निघाला. ओणमसाठीच्या कसवू साडीबद्दल तिच्याशी एक बाई अस्खलित मल्याळीत, 'चेची' म्हणजे 'ताई' म्हणत बोलली होती. पार्सल आल्यावरच पैसे देईन, असे शेजारणीने बजावताच फोन बंद झाला.

परवा गुजराती शेजारणीने मोबाइलवर एक पटोळा साडी दाखवली. नंबर वेगळा होता, पण भाव बोहनीच्या वेळेचाच सांगितला होता.