पाठीवरचे तीन लिटर पाणी आणि एक गळका जोड

‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असे एका ओळीचे उत्तर सॅक बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकसेवेकडून आले, त्याच संध्याकाळी पाण्याच्या पिशवीसकट घेतलेल्या त्या सॅकचा हा अनुभव लिहायला घेतला. सॅक वीस लिटरची, पाठीकडच्या कप्प्यात तीन लिटर पाण्याची पिशवी, पिशवीच्या तळाशी खटकन बसणारा जोड, तिथून खांद्यावरून पुढे येणारी नळी आणि नळीच्या टोकाला दातांनी दाबून पाणी ओढण्याचा व्हॉल्व्ह, हा तपशील विकत घेण्याआधी प्रत्येकाने वाचलेला असतोच. त्यात वेळ घालवत नाही. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या जोडाने मला इतके छळले त्याच धर्तीचा जोड इतर अनेक पिशव्यांनाही असतो.

सॅक घेतली ती ग्रँड कॅन्यन ही अमेरिकेतली खोल दरी एका दिवसात उतरून चढण्याच्या तयारीसाठी. साऊथ कायबॅबच्या वाटेने कोलोरॅडो नदीपर्यंत उतरायचे आणि ब्राइट एंजलच्या वाटेने वर यायचे, असा बेत होता: उतार सुमारे 11 किलोमीटर लांबीचा आणि 1,450 मीटर उंचीचा, चढ सुमारे 15 किलोमीटर लांबीचा आणि 1,300 मीटर उंचीचा. कड्यावरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा प्रयत्न करू नये, विशेषतः मे ते सप्टेंबर या काळात, असे राष्ट्रीय उद्यानाचे प्रशासन स्पष्टपणे बजावते, आणि ते उगाच नाही. डोंगर चढताना दम संपला तर माणूस मागे फिरतो आणि उताराला लागतो. दरीत मागे फिरणे म्हणजेच चढ, आणि तोही दिवसाच्या उत्तरार्धात, तापलेल्या खडकांमधून. उतरायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा, असा तिथला हिशेब आहे. साऊथ कायबॅबच्या वाटेवर पाण्याचा एकही नळ नाही आणि सावली नावापुरतीच. म्हणून ऑक्टोबरचा उत्तरार्ध निवडला, आणि पाणी कसे वाहून न्यायचे हा प्रश्न बुटांच्याही आधी सोडवायला घेतला.

तयारीच्या पहिल्या महिन्यांत या सॅकमधले पाणी पिण्यापेक्षा वजन म्हणूनच अधिक वापरले गेले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे सरावासाठी वेगळी वजने विकत घ्यावी लागली नाहीत, ही बाब माझ्यासारख्या हात आखडूनच खर्च करणाऱ्या व्यक्तीला विशेष भावली. डोंगराची तयारी करणारे कित्येक जण पाण्याचे वजन घेऊन चढतात आणि गुडघे वाचवण्यासाठी माथ्यावर ते ओतून देऊन हलक्या पाठीने उतरतात. दरीच्या तयारीत हीच युक्ती उलटी पडते, कारण दरीत सॅक सर्वांत जड असते ती उतरताना. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू एकीकडे ताणले जात असतात आणि त्याच वेळी शरीराचा भार रोखून धरत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे पाय धड वाकत नाहीत ते या कामामुळे. मात्र एकदा असा भार सोसलेले स्नायू पुढच्या वेळी पुष्कळ कमी दुखतात, म्हणून भरलेली सॅक पाठीवर घेऊन जिने आणि टेकड्या उतरण्यावर मी अधिक भर दिला. या कामात सॅकने काहीही तक्रार करायला जागा ठेवली नाही. कमरेचा पट्टा भार नीट घेतो, छातीचा पट्टा सरकत नाही, आणि पिशवी उलटी धरून नळीतून आतली हवा ओढून काढली की पाणी डचमळत नाही.

आता जोड. नळी पिशवीला जिथे जोडली जाते तिथे सिलिकॉनची एक बारीक रिंग असते. तिचा व्यास करंगळीच्या नखाहून कमी आहे, आणि तीन लिटर पाणी तिच्या भरवशावर पाठीवर असते. काही महिन्यांच्या वापरानंतर सॅकच्या तळाशी ओल जाणवू लागली. अडचण अशी की पाठ घामाने भिजलेली असतेच, त्यामुळे कापडाची ओल घामाची की पिशवीची हे चालताना ओळखता येत नाही, आणि ही गळती कित्येक आठवडे लपून राहते ती याच कारणाने. शेवटी पिशवी भरून खुंटीला टांगली, जोडाभोवती पांढरा टिशू कागद गुंडाळला आणि पाहत बसले. कागदाची खालची कड प्रथम करडी झाली, मग ती फुगली आणि तिच्या टोकाला थेंब लोंबू लागला. साधारण दोन सेकंदांना एक थेंब. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर मिनिटाला दीड आणि तासाला 90 मिलिलिटर पाणी जाते. दहा तासांच्या दिवसात जवळजवळ एक लिटर, म्हणजे पाठीवर वाहिलेल्या पाण्याचा एक तृतीयांश भाग, एक घोटही न घेता जमिनीत मुरतो. ज्या वाटेवर नळ नाही तिथे हा हिशेब क्षुल्लक राहत नाही.

ग्राहकसेवेशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात सांगण्यासारखा आहे. सॅकला ‘आजन्म हमी’ आहे असे खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले आहे. प्रथम विचारणा झाली की नळी पूर्ण दाबून बसवली आहे का. बसवली आहे, असे कळवले. मग पावती मागवली, ती पाठवली. मग गळतीचे छायाचित्र मागवले, तेही पाठवले. त्यानंतर दुसऱ्याच कोणाकडून पत्र आले आणि त्यात नळी पूर्ण दाबून बसवली आहे का, अशी विचारणा होती. शेवटी उत्तर मिळाले की रिंग हा झिजणारा भाग असल्याने तो हमीत येत नाही, आणि रिंग सुटी विकली जात नाही. सवलतीच्या दरात पूर्ण नळी मात्र देता येईल. ती सवलतीची किंमत आणि टपालखर्च यांची बेरीज नव्या पिशवीच्या जवळजवळ निम्म्या किमतीपर्यंत जात होती. जो भाग झिजणार हे तुम्हीच मान्य करता, तोच भाग सुटा विकायचा नाही, यामागचा तर्क मी पत्राने विचारला. त्याचे उत्तर म्हणजे वर उद्धृत केलेली ती एक ओळ.

रिंग मग मीच बदलली. जुनी रिंग टाचणीने अलगद काढली तेव्हा तिच्या आतल्या कडेला केसाएवढी चीर दिसली आणि त्या चिरेत वाळूचा एक कण अडकलेला होता. व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या साधनाने, आतला व्यास आणि जाडी मोजून त्याच मापाच्या, अन्नासाठी योग्य अशा सिलिकॉनच्या रिंगांचे पाकीट मागवले. नळजोडणीच्या सामानात मिळणाऱ्या काळ्या रबरी रिंगा स्वस्त असतात आणि मापालाही बसतात, पण त्या पिण्याच्या पाण्यासाठी केलेल्या असतीलच असे नाही आणि पाण्याला रबराचा वास लागतो. तेवढी काटकसर मीही करणार नाही. पाकिटाची किंमत कंपनीच्या नळीच्या किमतीच्या जवळपासही फिरकत नाही, आणि त्यात इतक्या रिंगा निघाल्या की सॅक आधी फाटेल. नवी रिंग बसवल्यावर पुन्हा तोच टिशू कागद गुंडाळून रात्रभर टांगून ठेवला. सकाळी कागद कोरडा होता.

इथपर्यंतचा मजकूर लिहून ठेवला होता आणि सॅकला पाचपैकी दोन गुण दिले होते. मधल्या काळात दरी उतरून, चढून आले, आणि काही मते बदलणे भाग पडले.

पहिले मत व्हॉल्व्हवरच्या टोपीविषयीचे. ही प्लास्टिकची लहानशी टोपी मला किंमत वाढवण्याचा बहाणा वाटत होती आणि सरावात ती मी लावतच नव्हते. साऊथ कायबॅबच्या वाटेवरून खेचरांची ये-जा असते. वाटेवरची तांबूस धूळ त्यांच्या खुरांनी अगदी पिठासारखी मऊ झालेली असते, आणि त्या पिठात केवळ माती नसते, हे वाटेकडे एकदा निरखून पाहिले की समजते. पुढचा चालणारा पाऊल टाकतो आणि ती धूळ छातीच्या उंचीपर्यंत, म्हणजे नेमकी व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत उठते. त्या टोपीला आता माझ्याकडून पूर्ण गुण.

दुसरे मत नळीविषयीचे. बाटलीऐवजी नळी घेणे हा मला निव्वळ सोयीचा भाग वाटत असे. उतारावर दोन्ही हातांत काठ्या असताना, न थांबता आणि पाऊल कुठे पडते यावरची नजर न काढता एकेक घोट घेता येतो, हे सोयीच्या पलीकडचे आहे. बाटलीसाठी थांबावे लागते, आणि थांबावे लागते म्हणून पिणे पुढे ढकलले जाते. दरीतली हवा इतकी कोरडी असते की घाम कपड्यावर दिसायच्या आत उडून जातो आणि आपल्याला फारसा घाम येत नाही असा समज होतो. त्याच कोरडेपणाचा एक फायदाही झाला: सॅकचा तळ दिवसभर ठणठणीत कोरडा राहिला, त्यामुळे रिंग गळत नाही याची खात्री टिशू कागदाशिवाय होत राहिली. नळीतले पाणी उन्हाने तापते आणि पहिला घोट गरम लागतो, म्हणून घोट घेतल्यावर नळीत हळूच फुंकर मारून पाणी पिशवीत परत ढकलावे.

तिसरे मत मात्र सॅकच्या विरोधात गेले. चालताना पिशवीत किती पाणी उरले हे कळत नाही, ही उणीव सरावात जाणवली नव्हती, कारण तिथे पाणी संपले तरी काही बिघडत नव्हते. दरीत प्रत्येक निर्णय शिल्लक पाण्यावर अवलंबून असतो. पाहायचे झाले तर सॅक उतरवा, वरचे जॅकेट आणि खाणे बाहेर काढा, पिशवी ओढून काढा आणि पुन्हा भरलेल्या सॅकमध्ये ती कोंबण्यासाठी झगडा. नदीकाठी ब्राइट एंजल कॅम्पग्राउंडला आणि चढावर हवासुपाई गार्डन्सला, म्हणजे पाणी भरण्याच्या दोन्ही ठिकाणी, मी हाच खटाटोप केला. हवासुपाई गार्डन्सपासून कड्यापर्यंत अजून सुमारे 7 किलोमीटर आणि 900 मीटरहून अधिक चढ उरतो, आणि त्या टप्प्यातल्या दोन विश्रांतिस्थानांचे नळ हंगामी आहेत, त्यामुळे तिथे पिशवी अंदाजाने भरून चालत नाही.

नळांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण माझ्या रिंगेमुळे मला तिच्याविषयी विशेष जिव्हाळा निर्माण झाला आहे. दक्षिण कड्याला, म्हणजे जिथून या दोन्ही वाटा उतरतात त्या कड्याला, आणि वाटेवरच्या नळांना पाणी पुरवणारी जलवाहिनी 1960 च्या दशकात बांधायला घेतलेली आहे. ती रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यांतून पाणी आणते, आणि 2010 पासून ती 85 हून अधिक वेळा फुटली आहे असे उद्यानाचे प्रशासनच सांगते. 2024 च्या ऑगस्टअखेरीस ती अशी काही फुटली की दक्षिण कड्यावरचे रात्रीचे निवास काही दिवस बंद ठेवावे लागले. म्हणून कोणता नळ चालू आहे हे आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहावे, नकाशावर नळाचे चिन्ह आहे म्हणून भरवसा ठेवू नये, आणि नदीचे किंवा ओढ्याचे पाणी वापरण्याजोगे करण्याचे साधन जवळ ठेवावे.

या अनुभवानंतर माझी मांडणी बदलली आहे. पिशवीत दोनच लिटर पाणी, आणि बाजूच्या कप्प्यात एक लिटरची साधी पारदर्शक बाटली. पिशवी संपली की नळीत हवा येते, आणि तेव्हा नेमका एक लिटर उरला आहे हे न पाहता कळते. बाटलीचा दुसरा उपयोग क्षाराच्या पाण्यासाठी होतो. तासन्तास घाम गाळून नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि त्याची मळमळ, डोकेदुखी ही लक्षणे तहानेची समजून माणूस आणखी पाणी पितो; ग्रँड कॅन्यनमध्ये असे रुग्ण आढळत आले आहेत. म्हणून खारट खाणे किंवा क्षार लागतातच, पण साखर-क्षाराचे पाणी पिशवीत भरू नये, कारण नळीच्या आतून जी काळपट बुरशी धरते ती लांब ब्रश घालूनही पूर्ण निघत नाही. साधे पाणी भरलेली पिशवी वापरून झाल्यावर धुऊन, झटकून, नळीसह फ्रीझरमध्ये ठेवली की बुरशीला वाव राहत नाही. हा उपाय फुकट आहे. कंपनी त्यासाठी सफाईच्या गोळ्या विकते.

गुण आता पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण टोपीने मिळवला, एक गुण कमरेच्या पट्ट्याने आणि नळीने. उरलेल्या दीड गुणासाठी कंपनीला काही नवीन शोधायचे नाही. पिशवीसोबत दोन जास्तीच्या रिंगा द्याव्यात, एवढेच. विकत घेणाऱ्यांनी दुकानातच जोड उघडून रिंग पाहावी, ती टाचणीने निघते की आत चिकटवलेली आहे हे तपासावे, आणि चिकटवलेली असेल तर तो नमुना परत ठेवावा. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी रिंगेचे माप लिहून ठेवावे, कारण झिजलेल्या रिंगेचे माप खरे येत नाही. माझी जास्तीची रिंग प्रथमोपचाराच्या डबीत, चिकटपट्टीच्या गुंडाळीच्या आत आहे, आणि टाचणीही तिथेच.