पुणे एअरपोर्ट ते सांगली: फुल गाडी करायची की सीटवर यायचं?

लोहगावला विमान उतरलं तरी सांगली अजून अडीचशे किलोमीटरच्या आसपास राहतेच, आणि घरात वाद तिथंच सुरू होतो, एक म्हणतो आख्खी गाडी सांगा, दुसरा म्हणतो सीटवर ये की, म्हणजे इतरांबरोबर शेअरिंगच्या गाडीत एका सीटचंच भाडं देऊन, कशाला एवढे पैसे. माझं मत सरळ आहे, एकटा माणूस, दिवसा उतरणार, सामान कमी, तर सीट घ्या. तिघं असाल किंवा सोबत आई-वडील असतील तर फुल गाडीच.

फुल गाडीत खरा घोळ भाड्याचा. सांगलीतून मागवलेली गाडी न्यायला रिकामी जाते, त्यामुळं किलोमीटर जाऊन-येऊन लावतात, म्हणजे पाचशे किलोमीटरच्या घरात, वर ड्रायव्हरचा भत्ता, एअरपोर्टचं पार्किंग आणि खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे हे तीन टोल दोन्ही बाजूचे. फोनवर सांगितलेल्या आकड्यात हे धरलेलं असेलच असं नाही, म्हणून "टोल-पार्किंगसकट किती?" असंच विचारा. पुण्यातूनच वन-वे गाडी मिळाली तर बऱ्याचदा स्वस्त पडते, फक्त ॲपवरच्या गाडीसाठी सामान घेऊन एरोमॉलपर्यंत, म्हणजे एअरपोर्टच्या पार्किंगच्या इमारतीपर्यंत, जावं लागतं. एकूण रकमेला माणसांनी भागून बघा, तिघं-चौघं झाले की सीटच्या भाड्यात आणि यात फार फरक उरत नाही.

आता सीटवरची गाडी, आपलं वडापच म्हणा, फक्त घरापासून एअरपोर्टपर्यंतचं. पैसे वाचतात हे खरंय, पण वेळ आपल्या हातात नसतो. तुमचं विमान वेळेत आलं आणि दुसऱ्या सीटवाल्याचं दोन तास लेट झालं तर तुम्ही पण दोन तास बसून, आणि तुमचंच लेट झालं तर गाडी थांबेलच याची खात्री नाही, हे बुक करतानाच बोलून घ्या. दुसरं म्हणजे ड्रॉपचा नंबर. आधी साताऱ्यात आत शिरणार, मग कराड, मग आष्टा, तोपर्यंत सांगलीवाला गाडीतच. काही गाड्या तर हायवेवरून थेट कोल्हापूरला जातात आणि तुम्हाला पेठ नाक्यावर उतरवतात, तिथून सांगली अजून चाळीसेक किलोमीटर, रात्री एक वाजता बॅगा घेऊन तिथं उभं राहायचं म्हणजे हाल. त्यामुळं "घरपोच का?" हे आधी विचारा.

सामानाचं पण बघा. एर्टिगात सहा पॅसेंजर बसले की मागं बॅगांना जागाच उरत नाही, परदेशातून येणाऱ्याच्या दोन मोठ्या बॅगा वर कॅरिअरला जातात, पावसाळ्यात ताडपत्री आहे का ते डोळ्यानं बघून घ्या. आणि शेवटच्या सीटवर गुडघे छातीला लागतात, खंबाटकी घाटाच्या वळणांवर तिथं बसलेल्याला उलटीसारखं होतं, गुडघेदुखीवाल्याला तर तिथं अजिबात बसवू नका, मधली सीट आधीच सांगून ठेवा.

दोन्हीकडं एक गोष्ट मात्र सोडू नका, नंबर प्लेट पिवळी पाहिजे. पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीतून भाड्यानं आलात आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात, शे-दोनशे रुपयांसाठी हा धोका घ्यायची काय गरज.

वेळ भरपूर असेल तर स्वारगेट गाठून एसटी आहेच, बायकांना २०२३ पासून निम्मं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट.

मुंबईत उतरत असाल तर सांगली साधारण पावणेचारशे किलोमीटर आणि बरीच परदेशी विमानं रात्रीचीच, म्हणजे पहाटे झोपेच्या वेळेला गाडी हायवेवर. तिथं मी पैसे बघणार नाही, फुल गाडीच. ड्रायव्हरचे डोळे जड व्हायला लागले की "दादा, गाडी बाजूला घ्या, चहा घेऊ, अर्धा तास पडा" असं म्हणता येतं, सीटवरच्या गाडीत बाकीच्यांना घाई असते आणि ड्रायव्हरला परतीची फेरी गाठायची असते, त्यामुळं तिथं तुमचं कोण ऐकत नाही.