पालक प्रशिक्षणाच्या नावाखाली फसवणूक: फी भरण्याआधी हे वाचा

आमच्या मुलीला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण, आहे. घरी तिचा अभ्यास कसा घ्यायचा हे शिकायला एका ऑनलाइन पालक प्रशिक्षणाची फी भरली आणि सरळसरळ फसवले गेलो.

फीच्या आधीच्या मोफत सत्रात शिकवणं कमी, घाबरवणंच जास्त. 'वय निघून चाललंय, आता नाही तर कधीच नाही.' फी भरल्यावर रंगीत चष्मा आणि डोळ्यांचे व्यायाम, त्याचे पैसे वेगळे. धाकट्यालाही निव्वळ एका प्रश्नावलीवरून एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) ठरवून टाकलं. २०१३च्या डीएसएम-५ या निदानाच्या अमेरिकन नियमावलीनुसार, नेमकी मदत मिळूनही अडचण किमान ६ महिने टिकली तरच हे निदान करता येतं.

सगळ्यात संताप येतो तो याचा, की शाळेतल्या विशेष शिक्षिकेचे तास त्यांनी बंद करायला लावले. म्हणे दोन पद्धती एकत्र चालत नाहीत! डिस्लेक्सियात मूळ अडचण डोळ्यांत नसते, ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्यात असते. रंगीत भिंगांना आणि अशा व्यायामांना शास्त्रीय आधार नाही, हे अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्त निवेदनात सांगितलंय.

प्रगती मात्र झकास दिसायची. चाचणीला दरवेळी शब्दांची तीच यादी, आणि मुलगी घडाघडा वाचायची. एकदा मी यादीवर हात ठेवला. तरी ती त्याच क्रमाने पुढचे शब्द म्हणत राहिली. तेच शब्द उलटसुलट क्रमाने लिहून दिले, तर दुसऱ्याच जोडाक्षरावर अडली. बिचारीने सगळं पाठ केलं होतं.

पैसे परत मागितले. 'शंभर टक्के परतावा' होता, पण सरावाची वही एकही दिवस न चुकता भरलेली असेल तरच. मूल तापाने फणफणलेलं असताना कोण सराव घेईल? तेच कोरे दिवस दाखवून नकार दिला. प्रशिक्षणाच्या पालक ग्रुपवर विचारलं, तर मला ग्रुपमधूनच काढून टाकलं.

आता शाळेतल्या शिक्षिका तिला शिकवताना मला शेजारी बसवतात. एक ध्वनी, त्याचं अक्षर, बोटाने गिरवणं, मग शब्द. नंतर मी घेते, त्या बघतात, चुकलं तर तिथेच थांबवतात. पूर्ण बरं करण्याची हमी त्यांनी कधीच दिली नाही.

कुणी अशा ठिकाणी पैसे भरले असतील, तर हमीची जाहिरात, पावत्या आणि ग्रुपवरचे मेसेज आजच जपून ठेवा. ग्रुपमधून काढल्यावर पुढचं काही दिसत नाही, आणि तक्रार करताना हेच पुरावे लागतात.