शिंजुकुच्या नाकामुरायातली करी

तोक्योत शिंजुकु स्टेशनच्या भुयारी वाटेने ए-६ दारापर्यंत गेलात की थेट नाकामुराया या जुन्या खाद्यपदार्थांच्या दुकानाच्या इमारतीत शिरता. करीचं उपाहारगृह 'मान्ना' दुसऱ्या तळघरात आहे; पहिल्या तळघरात मिठाईचं दुकान, तिथे घुटमळू नका. मागवायची ती 'जुन इंदो-शिकी करी', म्हणजे अस्सल भारतीय पद्धतीची.

ही करी १२ जून १९२७ पासून इथे मिळते, आणि ती शिकवली ब्रिटिशांविरुद्ध लढणारे क्रांतिकारक रासबिहारी बोसांनी. १९१५ साली ते जपानला पोचले. जपान तेव्हा ब्रिटनचा दोस्त, त्यामुळे लंडनचा दबाव येऊन त्यांच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. दुकानाचे मालक सोमा आइझो आणि कोक्को या जोडप्याने त्यांना मागच्या चित्रशाळेत लपवलं. पुढे १९१८ मध्ये सोमांची थोरली लेक तोशिको हिच्याशी बोसांचं लग्न झालं. १९२५ मध्ये ती गेली.

जपानी लोक तेव्हा करी म्हणून खात ते इंग्रजांमार्फत आलेलं, पीठ लावून दाट केलेलं कालवण. बोसांना ते मान्य नव्हतं. त्यांची करी ८० सेनला (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) विकली जाई, इतरत्र १०-१२ सेनला ताट मिळत असताना, आणि तरी खपली. लांब दाण्याचा तांदूळ मात्र गिऱ्हाइकांना रुचला नाही, म्हणून शिरोमेमाई हा जपानी तांदूळ आला. माझ्या मते या करीचा खरा मोठेपणा इथेच आहे: मसाल्यात तडजोड नाही, भातात आहे.

रस्सा वेगळ्या भांड्यात येतो, कोंबडी हाडासकट. सगळा रस्सा एकदम ओतू नका. आखूड दाण्याचा चिकट भात लगेच गच्च होतो. दोन-तीन चमचे घ्या, संपले की पुन्हा. हाड भांड्यातच चमच्याने दाबून धरा, काट्याने मांस सुटं करा. आधी कांद्याचा गोडवा लागतो, मसाला मागून येतो. कोल्हापुरी रश्श्याची सवय असेल तर सौम्य वाटेल. सोबतची आंब्याची चटणी गोड असते, घासागणिक थोडीच घ्या. किसलेलं चीज शेवटी, नाहीतर मसाला दबतो. शाकाहारी मंडळींसाठी ही करी नाही, नुसता रस्साही नाही. टीप ठेवायची नसते.

जेवण झालं की तिसऱ्या मजल्यावरचं छोटं कलासंग्रहालय बघाच. नाकामुरा त्सुने या चित्रकाराने १९१४ मध्ये काढलेलं तोशिकोचं चित्र याच संग्रहातलं आहे. बोस लपले होते ती चित्रशाळा आधी त्याचीच होती.