डिशवॉशर पावडर: भात, तर्री आणि बोअरचं पाणी

इचलकरंजीत कापडावर प्रक्रिया करणाऱ्या प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे कुठलाही डबा आधी उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचायची खोड आहे. या फॉस्फेट नसलेल्या पावडरच्या खोक्यावर सगळी जुनी ओळखीची मंडळी भेटली: सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा), सोडियम परकार्बोनेट, सिलिकेट, सायट्रेट, आणि अमायलेज (स्टार्च तोडणारं) व प्रोटीएज (प्रथिनं तोडणारं) ही एन्झाइम्स. कापडावरची खळ काढायला अमायलेज, मग अल्कलीत उकळणं, मग पेरॉक्साइडनं ब्लीच. जिगर या कापड प्रक्रियेच्या यंत्रावर आम्ही हे एकामागून एक करायचो. इथं सगळं एकाच चमच्यात कोंबलंय, आणि तरी ते चालतं याचं मला अजून नवल वाटतं.

घरात भांडी माझ्याकडे असतात, त्यामुळे निकाल सांगायचा अधिकारही माझा. कुकरच्या स्टीलच्या डब्याला धरलेला भात साफ निघतो. खळ काय आणि भात काय, दोन्ही स्टार्चच. वाळलेलं दही, अंडं, दुधाच्या पातेल्याची साय यांचा समाचार प्रोटीएज घेतं. मात्र एन्झाइमला कोमट-गरम पाणी आणि वेळ लागतो. पन्नास अंशांचा लांब प्रोग्राम लावा. अर्ध्या तासाच्या झटपट प्रोग्रामात भात तसाच राहिला तर पावडरीला शिव्या देऊ नका. करपलेलं दूध मात्र कुठल्याच प्रोग्रामात सुटत नाही, ते हातानंच खरवडायचं.

रविवारी मटणाचा तांबडा रस्सा झाला की खरी परीक्षा. तेलाचा कट सोडा आणि फेस न करणारा सर्फॅक्टंट (तेल पाण्यात सोडवणारा घटक) मिळून उचलतात. फेस इथं शत्रू आहे: पंपात हवा शिरली की मशीनमधल्या फिरत्या हातांचा फवारा ढिला पडतो. म्हणून घासायचा लिक्विड साबण मशीनमध्ये चुकूनही नको. मिरचीचा लाल आणि हळदीचा पिवळा रंग परकार्बोनेटच्या वाट्याला येतो. ते पाण्यात विरघळलं की पेरॉक्साइड आणि सोडा सुटे होतात. यादीत टीएईडी हे ब्लीचला चेतवणारं रसायनही आहे, त्यामुळे कमी तापमानालाही ब्लीच जोर धरतं. स्टील आणि काच लख्ख निघते. प्लास्टिकच्या टिफिनात मुरलेली हळद नाही निघत. तो डबा उन्हात ठेवा, ऊन हळदीला पुरून उरतं.

आता पाणी, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. आमच्या सोसायटीत नळाला पाणी कमी आलं की बोअरचं सोडतात, आणि ते जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. पूर्वी पावडरीत फॉस्फेट भरपूर असायचं, ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवायचं. पण तेच सांडपाण्यातून नदीत गेलं की शेवाळ आणि जलपर्णी माजवतं. पंचगंगेकाठी राहणाऱ्यांना जलपर्णीबद्दल वेगळं सांगायला नको. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी 2010 मध्ये फॉस्फेटवर बंधन घातलं, तेव्हा ग्लासांवर पांढरा थर बसतो म्हणून लोक ओरडले होते. युरोपने 2017 पासून एका धुण्यामागे फॉस्फरस 0.3 ग्रॅमवर आणला. आता ते काम सायट्रेट आणि पॉलिमर करतात. मऊ पाण्यात बरं करतात, बोअरच्या पाण्यात धापा टाकतात. म्हणून मशीनमधलं मीठ संपू देऊ नका. ते भांड्यांसाठी नसतंच, मशीनमधलं पाणी मऊ करणारं रेझिन (क्षार धरून ठेवणारे बारीक मणी) पुन्हा ताजं करायला असतं. आयोडीनचं घरगुती मीठ तिथं घालू नये. शेवटच्या खळखळीत पाणी निथळवणारं रिन्स एडही हवंच, नाहीतर ग्लासांवर थेंबांचे ठिपके.

गोळीपेक्षा पावडर मला का बरी वाटते? गोळी म्हणजे एक धुणं, मग भांडी चार असोत की पाहुण्यांची रास. पावडर हवी तेवढीच घेता येते. नेहमीच्या भांड्यांना वीस ग्रॅम पुरते, रस्सा असला की पाच वाढवतो. किलोभर खोकं चाळीसेक धुण्यांना सहज जातं.

अ‍ॅल्युमिनियमच्या कढया आणि पितळी तांब्या यात टाकू नका. अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा सोड्यात विरघळतो आणि भांडं काळं पडतं. यादीतलं सिलिकेट धातूला थोडं सांभाळतं, पण उघड्या अ‍ॅल्युमिनियमपुढे त्याचं काही चालत नाही. आमचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर मी वेगळाच घासतो, मशीनमध्ये जातो तो फक्त आतला स्टीलचा डबा.

तक्रार एकच, पुठ्ठ्याच्या खोक्याची. पावसाळ्यात उघडं खोकं म्हणजे पावडरीचा दगड. परकार्बोनेट दमट हवेत आपला ऑक्सिजन गमावून बसतं, मग उरतो नुसता सोडा आणि पिवळे कप. मी आणल्याबरोबर घट्ट झाकणाच्या बरणीत ओततो. एवढं कळणाऱ्या कंपनीला साधी प्लास्टिकची आतली पिशवी सुचू नये, याबद्दल एक तारा कापला. पाचपैकी चार.