पाथर्डी फाट्याचे रो-हाऊस आणि आमचा तीन लाखांचा विसार

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला, जिथे गच्चीवर उभे राहिले की पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, अशा एका वसाहतीत आम्ही गेल्या वर्षी रो-हाऊस घ्यायला निघालो आणि तीन लाखांचा विसार अडकवून बसलो. सिडकोत भाड्याच्या दोन खोल्यांत अकरा वर्षे काढल्यावर आईला तुळशीपुरते तरी अंगण मिळावे, एवढीच इच्छा होती. शेजारच्या घरांपेक्षा किंमत सात-आठ लाखांनी कमी होती. मुलीकडे पुण्याला जायचे असल्यामुळे घाई आहे, असे मालकाने सांगितले आणि स्वस्त घराच्या मोहात आम्ही ते खरे मानले.

घरपट्टीची पावती, वीजबिल, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी गोषवारा) आणि खरेदीखताची रंगीत झेरॉक्स त्याने समोर ठेवली. मूळ खरेदीखत मागितले, तेव्हा ते गावाकडच्या कपाटात आहे, नोंदणीच्या दिवशी आणतो, असे उत्तर मिळाले. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा दिसला नाही, म्हणून मी निर्धास्त झालो. वास्तविक मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेले कर्ज सातबाऱ्यावर चढलेले असेलच असे नाही. त्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल होते आणि वकिलाने तीस वर्षांचा सर्च, म्हणजे नोंदणीच्या जुन्या दप्तराचा शोध, घेतला तर ती सापडते. तो सर्च मी, फी वाचली तर बरी म्हणून, विसारानंतर घ्यायचे ठरवले होते. दसऱ्याला पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर विसारपावती झाली, नोटरीचा शिक्का बसला. एजंटाने पेढेही आणले होते.

दिवाळीआधी एका सकाळी आईला घर दाखवायला नेले. मालक बाहेर गेला होता, म्हणून आई फाटकाशीच थांबली, तेव्हा तिचा हात पत्र्यावरच्या खरखरीत डागाला लागला. खळ वाळून पिवळी पडली होती, तिच्यात छापील कागदाची चिंधी अडकली होती आणि चिंधीवर ‘ताबा’ एवढीच अक्षरे शाबूत होती. मी तो डाग आधी तीनदा तरी पाहिला असेन. क्लासची जाहिरात असेल, असे समजलो होतो. समोरच्या काकू पारिजातकाची फुले वेचत होत्या. आईने विचारताच त्या म्हणाल्या, “अहो, बँकेची नोटीस होती ती. दोन माणसं चिकटवून गेली आणि रात्री ह्या घरमालकांनीच ओलं फडकं लावून काढली. मला वाटलं, तुम्ही त्यांचे पाहुणे.”

2002 च्या सरफेसी कायद्यानुसार, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्यानुसार, थकबाकीदाराला 60 दिवसांची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तो घर विकू शकत नाही. पुढे ताब्याची नोटीस घरावर चिकटवावी लागतेच, शिवाय दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. ती आमच्याच घरी येणाऱ्या पेपरात आली होती. रद्दीच्या गठ्ठ्यात मला सापडली.

बोलाचाली झाल्यावर मालकाने पन्नास हजार रोख परत केले आणि उरलेल्या अडीच लाखांचा धनादेश दिला, तो वटला नाही. एजंटाचा फोन तेव्हापासून बंद आहे. धनादेश परतल्याचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते, म्हणून वकिलांनी ती पोचपावतीसह पाठवली; पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली तक्रारही दिली आहे. नोटिशीचे पाकीट ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत आले असून, कोर्टात दाखवायचे म्हणून वकिलांनी ते न फोडताच फाइलीत ठेवले आहे.